चौथी घंटा : दूरध्वनी, सार्वजनिक जागा आणि नाहीशी झालेली भिंत

१/
नाट्यगृहात तिसरी घंटा होते, दिवे मंदावतात, पडदा सरकतो. रंगमंचावर एखादी आई मुलाला काही सांगण्यासाठी थांबलेली असते आणि नेमक्या त्या शांततेत सातव्या रांगेतून चौथी घंटा वाजते. मालक खिसे चाचपतो, उपकरण सापडत नाही, सापडते तेव्हा तो ते बंद करत नाही, तर तोंडावर हात धरून म्हणतो, "नाटकात आहे, नंतर बोलतो." हा प्रसंग ओळखीचा नाही, असा मराठी प्रेक्षक विरळाच. आजचा धागा या चौथ्या घंटेच्या इतिहासाविषयी.

२/
मोबाईलच्या उपद्रवावर बोलताना आपण सहसा 'हल्लीच्या लोकांना शिस्तच नाही' या वाक्यावर येऊन थांबतो. पण इतिहास पाहिला, तर दूरध्वनीचा शेजाऱ्यांना होणारा त्रास दूरध्वनीइतकाच जुना आहे. आणि त्या त्रासावरचा पहिला उपायही तितकाच जुना आहे. तो उपाय म्हणजे भिंत. ही भिंत कशी उभी राहिली, कुणी पाडली आणि तिच्याजागी आपण काय उभारू पाहत आहोत, एवढाच आपला विषय.

३/
साल १८७७. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांचे यंत्र जेमतेम वर्षभराचे झाले होते. बेल न्यूयॉर्कमध्ये होते आणि त्यांचा सहकारी थॉमस वॉटसन बॉस्टनमधल्या भाड्याच्या जागेतून तारेवर बोलणार होता. त्या काळच्या यंत्रात आवाज पोहोचवायचा, तर अक्षरशः ओरडावे लागे. या आरडाओरड्यावरून घरमालकिणीने आधीच तक्रार केली होती. तेव्हा वॉटसनने बिछान्यावरची ब्लँकेटे काढली, जमिनीवर त्यांचे एक बोगद्यासारखे आवरण रचले, यंत्र आत ठेवले आणि स्वतः आत सरपटत शिरून तो बोलला.

४/
वॉटसनने पुढे आपल्या आठवणींत हा प्रसंग मोठ्या मौजेने सांगितला आहे. ब्लँकेटांचा तो बोगदा म्हणजेच टेलिफोन बूथचा पूर्वज. येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. पुढे लाकडी कक्ष आले ते मुख्यतः बोलणाऱ्याचे गुपित राखण्यासाठी, अशी आपली समजूत असते. वॉटसनचा बोगदा मात्र ऐकावे लागणाऱ्या माणसासाठी होता. मालकीण ग्राहक नव्हती, तिने कुणालाही दूरध्वनी केला नव्हता. तरीही तिची शांतता मोलाची आहे, हे त्या तरुण तंत्रज्ञाने मानले.

५/
पुढची शंभर वर्षे ही भिंत निरनिराळ्या रूपांत टिकली. १८८९ मध्ये अमेरिकेत विल्यम ग्रे यांनी नाणे टाकून चालणाऱ्या दूरध्वनीचे पेटंट घेतले आणि दुकाने, स्थानके, हॉटेले यांत बंद दाराचे कक्ष दिसू लागले. ब्रिटनमध्ये वास्तुविशारद जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांनी आखलेली लाल पेटी तर त्या देशाची खूणच झाली. सार्वजनिक जागी खाजगी बोलायचे असेल, तर आधी आत जायचे, दार लावायचे, मग बोलायचे, हा क्रम माणसांच्या अंगवळणी पडला.

६/
आपल्याकडे मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे १८८२ साली टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाली. परंतु सामान्य मराठी माणसाचा दूरध्वनीशी संबंध आला तो पुढे कित्येक दशकांनी, आणि तोही स्वतःच्या घरातल्या यंत्राशी नव्हे. चाळीत एखाद्याच घरी, किंवा खालच्या वाण्याकडे, फोन असे. बाकीच्यांच्या लग्नपत्रिकेवर आणि नोकरीच्या अर्जावर तोच क्रमांक, पुढे कंसात दोन अक्षरे : पी.पी.

७/
या पी.पी. नंबराची एक स्वतंत्र संस्कृती होती. फोन वाजला की त्या घरातले मूल गॅलरीत येऊन हाक मारी. ज्याचा फोन, तो हातातले काम टाकून धावे. चप्पल दाराबाहेर काढून, अवघडून, परक्या बैठकीत उभ्याने बोले. घरातली माणसे रेडिओचा आवाज कमी करत, कान दुसरीकडे असल्याचा आव आणत. बोलणे दोन मिनिटांत संपे. भिंत येथेही नव्हती, पण संकोच होता. आपण दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या वेळात बोलत आहोत, ही जाणीव भिंतीचेच काम करी.

८/
ट्रंक कॉलची गोष्ट वेगळी. तो आधी नोंदवावा लागे. साधा, तातडीचा आणि 'लाइटनिंग' असे त्याचे प्रकार, आणि तीन मिनिटांचा हिशेब. लाईन अशक्त, त्यामुळे दिल्लीशी बोलायचे तर मुंबईत ओरडावे लागे. अंतर जितके जास्त तितका आवाज मोठा, हे समीकरण एका पिढीच्या कंठात कायमचे बसले. आज परदेशातल्या नातवाशी बोलताना आजोबांचा आवाज चढतो, तो या सवयीचा अवशेष. उपद्रव म्हणून त्याकडे पाहण्याआधी एवढा इतिहास आठवावा.

९/
१९६० मध्ये लखनौ आणि कानपूर यांच्या दरम्यान देशातली पहिली एसटीडी सेवा सुरू झाली. पण तिचा खरा प्रसार झाला तो ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात. १९८४ साली स्थापन झालेली सी-डॉट ही संस्था आणि सॅम पित्रोदा यांचा पुढाकार यांतून देशी एक्स्चेंजे उभी राहिली आणि गावोगावी पिवळ्या पाटीचे एसटीडी-पीसीओ उघडले. काचेचा कक्ष, आत छोटा पंखा, डोळ्यांसमोर पळणारे लाल आकडे. रात्री उशिरा दर उतरत, म्हणून नेमकी तेव्हाच बाहेर रांग लागे.

१०/
हा काचेचा कक्ष म्हणजे आपल्या सार्वजनिक जीवनातला वॉटसनचा बोगदा. आतला माणूस रडताना दिसे, पण ऐकू येत नसे. कुणाला नोकरी लागली, कुणाचे वडील गेले, कुणाचे लग्न मोडले, हे रांगेतल्या माणसांना चेहऱ्यावरून कळे. शब्द मात्र आतच राहत. शिवाय दुसरी एक भिंत होतीच : पैशांची. पळणारे आकडे बोलणाऱ्याला आवरते घ्यायला लावत. लाकूड, काच आणि पैसा या तिन्हींनी मिळून सार्वजनिक जागेची शांतता सांभाळली, आणि तीही कुणाचा तसा हेतू नसताना.

११/
ही भिंत पडायला सुरुवात झाली ३ एप्रिल १९७३ रोजी. मोटोरोलाचे अभियंते मार्टिन कूपर यांनी न्यूयॉर्कच्या सिक्स्थ ॲव्हेन्यूवर उभे राहून, हातातल्या सुमारे एक किलोच्या यंत्रावरून प्रतिस्पर्धी बेल लॅब्जच्या जोएल एंगल यांना फोन लावला. इतिहासातला हा पहिला हातातल्या मोबाईलवरचा संवाद कार्यालयात नव्हे, तर भर रस्त्यात झाला, ही गोष्ट सूचक आहे. मोबाईल जन्मालाच आला तो सार्वजनिक जागेत. दहा वर्षांनी, १९८३ मध्ये, ते यंत्र बाजारात आले तेव्हा त्याची किंमत ३,९९५ डॉलर होती. म्हणजे काचेची भिंत गेली, पण पैशांची भिंत अजून भक्कम होती.

१२/
भारतात ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याच्या रायटर्स बिल्डिंगमधून दिल्लीतील केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना मोबाईलवरून फोन केला. त्या काळी गर्दीच्या वेळेचा दर मिनिटाला सोळा रुपयांच्या घरात जाई आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. त्यामुळे मोबाईलधारक माणूस नंबर पाहून फोन कापी आणि जवळचा पीसीओ शोधी. सार्वजनिक जागी मोठ्याने बोलणे ही तेव्हा श्रीमंतीची जाहिरात होती; ती क्वचित दिसे, म्हणून खपूनही जाई.

१३/
२००३ साली येणारे फोन मोफत झाले. स्पर्धा वाढली, दर कोसळले, आणि काही वर्षांत भाजीविक्रेत्यापासून न्यायाधीशापर्यंत सर्वांच्या खिशात यंत्र आले. हा एक मोठा लोकशाही बदल होता, हे निःसंशय. प्लंबर, सुईण, मच्छीमार, घरकाम करणारी बाई यांना त्याने बाजाराशी जोडले. पण त्याच क्षणी उरलेली दुसरी भिंतही पडली. आता बोलण्यासाठी आत जावे लागत नव्हते आणि थांबण्यासाठी आकडेही पळत नव्हते.

१४/
येथे एक शंका रास्त आहे. आपली सार्वजनिक जागा शांत होती तरी केव्हा? मुंबईच्या लोकलमध्ये टाळ घेऊन भजने चालत, पत्त्यांचे डाव रंगत. किर्लोस्कर-गंधर्व काळात नाटके रात्रभर चालत आणि 'वन्स मोअर'च्या गजरात एकच पद पुन्हा पुन्हा होई. युरोपातही प्रेक्षागृह काळोखात बुडवून सगळ्यांनी निमूट पाहण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळली. वॅग्नरने १८७६ मध्ये बायरॉइट येथे ती कटाक्षाने पाळली. शांत प्रेक्षक हा सनातन नाही, तो घडवलेला आहे.

१५/
मग जुन्या गोंगाटात आणि या घंटेत फरक काय? फरक असा की 'वन्स मोअर' ही दाद त्याच खोलीतल्या गाण्याला होती. लोकलमधले भजन त्याच डब्यातले होते. आवडले तर टाळी धरता येई, नको असेल तर भांडता येई. गोंगाट करणारा आणि ऐकणारा एकाच जागी हजर होते. मोबाईलवरचा माणूस देहाने येथे आणि मनाने दुसरीकडे असतो. त्याच्या संभाषणातला दुसरा पक्ष आपल्याला ना ऐकू येतो, ना त्याला आपण दिसतो.

१६/
ही केवळ कल्पना नाही. २००४ मध्ये ब्रिटनमधील अँड्र्यू मंक आणि सहकाऱ्यांनी आगगाडीत आणि बसस्थानकावर मुद्दाम संभाषणे घडवून सहप्रवाशांना विचारले. आवाजाची पातळी सारखी ठेवूनही मोबाईलवरचे बोलणे समोरासमोरच्या बोलण्यापेक्षा अधिक त्रासदायक ठरले. पुढच्या प्रयोगात त्यांनी समोरासमोर बसलेल्या दोघांपैकी एकाचेच बोलणे ऐकू येईल अशी योजना केली. त्रास तितकाच झाला. दोष यंत्राचा नव्हता, अर्ध्या संवादाचा होता.

१७/
२०१० मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील लॉरेन एम्बरसन आणि सहकाऱ्यांनी हे आणखी काटेकोरपणे दाखवले. संगणकावर एकाग्रतेचे काम करणाऱ्यांना पूर्ण संवाद ऐकवला, एकट्याचे भाषण ऐकवले, तरी काम फारसे बिघडले नाही. अर्धा संवाद ऐकवताच चुका वाढल्या. तेच अर्धे बोलणे शब्द कळणार नाहीत असे गाळून ऐकवले, तेव्हा परिणाम नाहीसा झाला. पुढचे वाक्य काय असेल, हे आपला मेंदू सतत जुळवत असतो. अर्ध्या संवादात ते जुळत नाही आणि लक्ष ओढले जाते. म्हणून 'तुम्ही कशाला ऐकता?' हा प्रश्न निरर्थक आहे. न ऐकणे आपल्या हाती नसते.

१८/
आणि बोलणारा तरी मुद्दाम ओरडतो का? १९११ मध्ये एत्येन लोंबार या फ्रेंच कानतज्ज्ञाने नोंदवले की भोवती गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो. हा त्याच्या नावाने ओळखला जाणारा परिणाम. बस धडधडते, म्हणून बोलणारा आवाज वाढवतो. तो वाढवतो, म्हणून शेजारचा आपल्या फोनवर आणखी वाढवतो. प्रत्येकाला वाटते, मी तर साधेच बोलतो आहे. उपद्रव कुणाच्याच मनात नसतो आणि तरी सर्वांच्या डोक्यात भरतो.

१९/
यावरचा पहिला उपाय कायद्याचा. न्यूयॉर्क नगरपरिषदेने २००३ साली नाट्यगृह, चित्रपटगृह, संगीतसभा येथे मोबाईल वाजवल्यास ५० डॉलर दंडाचा कायदा केला. अंमलबजावणी होणार नाही, असे म्हणत महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी नकाराधिकार वापरला. परिषदेने तो डावलला. व्यवहारात प्रश्न राहिलाच : नाटक चालू असताना पोलिसाला बोलवायचे कुणी, आणि तो येऊन जो गोंधळ होईल, त्याचे काय?

२०/
त्याच शहरात १० जानेवारी २०१२ रोजी न्यूयॉर्क फिलहार्मोनिक माहलरची नववी सिंफनी वाजवत होते. अखेरच्या, जवळजवळ निःशब्द भागात पहिल्या रांगेतून आयफोनची धून सुरू झाली आणि थांबेना. संचालक ॲलन गिल्बर्ट यांनी वाद्यवृंद थांबवला. नंतर उलगडले की तो फोन मालकाला नुकताच मिळाला होता, त्याने तो मूक केलाही होता; वाजला होता तो गजर, जो मूक अवस्थेतही वाजतो. सदिच्छा असलेल्या माणसालाही यंत्र असे तोंडघशी पाडते. दंडाने या प्रसंगाचे काय केले असते?

२१/
दुसरा उपाय यंत्राचा : जॅमर. मोबाईल ज्या लहरींवर चालतो त्याच लहरींवर गोंगाट सोडून संपर्क तोडायचा. ऐकायला सोपे, पण जॅमर माणूस पाहून काम करत नाही. प्रेक्षागृहात बसलेल्या डॉक्टरला रुग्णालयाचा निरोप येणार नाही. आग लागली तर अग्निशमन दलाला फोन लागणार नाही. लहरी भिंत ओलांडून शेजारच्या घरातही शिरतील. म्हणूनच भारतात सरकारी परवानगीशिवाय जॅमर बसवणे बेकायदा आहे. काचेच्या कक्षाला दार होते, आणि ते आतून उघडता येत होते. जॅमरला तसे दार नाही.

२२/
तिसरा उपाय रीतीचा, आणि येथे जपानचे उदाहरण बोलके आहे. नव्वदच्या दशकात तेथे तरुणांच्या हाती मोबाईल आले आणि आगगाड्यांत तक्रारी सुरू झाल्या. रेल्वे कंपन्यांनी दंडाऐवजी घोषणा, भित्तिपत्रके आणि सातत्य यांवर भर दिला. गाडीत फोनवर बोलू नये, यंत्र मूक ठेवावे. त्या मूक अवस्थेला जपानी भाषेत नावच पडले 'मॅनर मोड', म्हणजे शिष्टाचाराची कळ. शिष्टाचार यंत्रावरच्या एका कळीत बसवला गेला आणि ती कळ न दाबणारा माणूस आपोआप अशिष्ट ठरला.

२३/
जपानचीच आणखी एक आठवण. १९७९ मध्ये सोनीचा वॉकमन आला. एकट्याने कानात संगीत ऐकत बसणे हा भोवतालच्यांचा अपमान वाटेल, अशी धास्ती त्याच्या निर्मात्यांना होती. म्हणून पहिल्या वॉकमनला दोन हेडफोन जोडण्याची सोय आणि शेजाऱ्याशी बोलण्यासाठी एक कळ ठेवली होती. चाळीस वर्षांत शिष्टाचार कसा उलटा झाला पाहा. तेव्हा कानात घालणे उद्धट वाटत होते. आज न घालणे उद्धट आहे.

२४/
कारण मधल्या काळात उपद्रवाचे रूप बदलले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, डेटा कवडीमोल झाला आणि मोबाईल हे ऐकवण्याचे यंत्र बनले. मालिका, क्रिकेट, प्रवचन, पंधरा सेकंदांची गाणी, सगळे उघड्या स्पीकरवर. संभाषणाला निदान निकडीचा बचाव होता. याला तोही नाही. जानेवारी २०२२ मध्ये रेल्वेने रात्री दहानंतर मोठ्याने बोलण्यास व गाणी वाजवण्यास मनाई करणारे निर्देश दिले. एप्रिल २०२३ मध्ये मुंबईच्या बेस्टने बसमध्ये हेडफोनशिवाय ध्वनिफिती-चित्रफिती लावण्यास बंदी घातली आणि पोलीस कायद्यान्वये कारवाईचा इशारा दिला.

२५/
मराठी रंगभूमीवर हा संघर्ष २०१९ मध्ये उघड्यावर आला. सुमीत राघवन यांनी नाशिकमध्ये 'नॉक नॉक सेलिब्रिटी'चा प्रयोग वाजणाऱ्या फोनमुळे मध्येच थांबवला. त्यानंतर काही आठवड्यांतच 'अश्रूंची झाली फुले' या नाटकात काम करणारे सुबोध भावे यांनी, हे असेच चालणार असेल तर आपण नाटकात काम करणेच थांबवू, असे जाहीरपणे लिहिले. यावर मते दुभंगली. काहींना हा नटांचा अहंकार वाटला.

२६/
मला तसे वाटत नाही. नट रंगमंचावर जे उभे करतो, ते पाचशे माणसांनी एकाच वेळी मान्य केलेले एक स्वप्न असते. ते कुणा एकाच्या मालकीचे नसते, म्हणून ते राखण्याची जबाबदारीही एकाची नसते. आणि मोडायला मात्र एक पुरतो. चित्रपट पुन्हा लावता येतो. जिवंत नटाचा तो क्षण परत लावता येत नाही. घंटा वाजल्यावर प्रेक्षागृहातली पाचशे डोकी वळतात, पण त्या डोक्यांत चाललेले नाटक थांबलेले असते.

२७/
तरीही सगळा दोष 'फोनवाल्या'च्या माथी मारण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहतात, तेथे दार लावून बोलण्याची सोय नसते. त्या घरातल्या मुलीला मैत्रिणीशी दोन खाजगी शब्द बोलायचे असतील, तर बसथांबा हीच तिची खोली. बाराव्या तासाला कामावरून सुटलेला सुरक्षारक्षक गावाकडच्या बायकोशी बोलतो तो लोकलमध्येच. त्याच्याकडे दुसरी वेळ नाही. ज्यांना घरी भिंत नाही, त्यांच्याकडून आपण बाहेर भिंतीची अपेक्षा करतो. शांतता हवी असणे रास्त आहे. पण शांतता परवडते कुणाला, हाही प्रश्न त्याच वाक्यात आहे.

२८/
म्हणून मला वाटते, येथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. निकडीचे बोलणे आणि बेफिकिरीचे वाजवणे. पहिल्याला जागा द्यावी : स्थानकावर, रुग्णालयात, ग्रंथालयाबाहेर एक कोपरा, एक बाक, जमल्यास दार असलेला छोटा कक्ष. आपण पीसीओचे कक्ष मोडीत काढले तेव्हा त्यांच्याबरोबर ही सोयही मोडीत निघाली, याचा हिशेब कुणी मांडला नाही. दुसऱ्याला मात्र नम्रपणे आणि न चुकता टोकावे. बंदीची पाटी कुणी वाचत नाही. शेजाऱ्याचे 'जरा हळू, प्लीज' बहुधा ऐकले जाते.

२९/
या दीडशे वर्षांचा सारांश काढायचा, तर लाकडाची भिंत झिजली, काचेची फुटली, पैशांची वितळली, कायद्याची बहुतांशी कागदावर राहिली. लहरींची भिंत अडल्यानडल्याचाही मार्ग अडवते. टिकली ती एकच : 'आपण परक्या बैठकीत उभे आहोत' ही पी.पी.च्या काळातली जाणीव. सार्वजनिक जागा म्हणजे कुणाचीच नसलेली जागा, असे आपण धरून चाललो आहोत. ती खरे तर सर्वांची बैठक आहे, आणि तेथे प्रत्येक जण पाहुणा आहे.

३०/
१८७७ मध्ये थॉमस वॉटसनच्या हाती जगातले सर्वांत नवे यंत्र होते. इतिहास घडवण्याच्या कामात एका घरमालकिणीची झोप त्याला क्षुल्लक वाटली असती, तर नवल नव्हते. तरी त्याने बिछान्यावरची ब्लँकेटे ओढली आणि आत शिरला. आपल्या खिशातले यंत्र त्याच्या यंत्रापेक्षा कितीतरी पटींनी समर्थ आहे, आणि ब्लँकेटाऐवजी आपल्याला फक्त एक कळ दाबायची आहे.

धागा येथे संपतो. आपल्या घरचा पी.पी. नंबर कुणाचा होता आणि त्या घरी फोनवर बोलताना काय वाटे, हे आठवत असेल, तर जरूर लिहावे. त्या आठवणीही याच इतिहासाचा भाग आहेत.